घड्याळबाई

सोमवार, ता. ४

"तुला पगार देतात तो तुझा, की तुझ्या घड्याळाचा?" आज सकाळी डबा भरता भरता आईने विचारलं. ती चेष्टा करत होती, पण मी दिवसभर त्याच प्रश्नाशी झगडत होते. ही वही उघडून बसले तरी उत्तर सापडलेलं नाही.

नोकरीला दोन महिने झाले. शर्टच्या कारखान्यात दुसऱ्या मजल्यावर बेचाळीस शिलाई मशिनं आहेत आणि माझं काम त्यांच्या शेजारी उभं राहायचं. कोणत्या कामाला किती वेळ लागतो ते मोजायचं, लिहायचं, अहवाल करायचा. घरातली पहिली पदवीधर मी, तीही संख्याशास्त्राची. आकडे कोणाचे लाड करत नाहीत आणि कोणावर राग धरत नाहीत, म्हणून मला हा विषय आवडला. अन्याय बहुतेक वेळा अंदाजाने होतो. नीट मोजलं तर तो करायला जागाच उरत नाही, असं मी मुलाखतीतही सांगितलं होतं. साहेब हसले होते. त्यांना पटलं असावं.

घड्याळ बाबांनी घेतलं, निकालाच्या दिवशी. दुकानदाराने बायकांची घड्याळं काढली तर बाबा म्हणाले, "हे काय, मसुराच्या दाण्याएवढं! यात वेळ मावायचा कुठे?" आणि पुरुषी, मोठ्या तबकडीचं घेतलं. बाबा मालाची गाडी चालवतात. त्यांना लांबून दिसेल अशीच वस्तू आवडते. मलाही ते आवडतं. पण मजल्यावर पाऊल टाकलं की या मशिनवरून त्या मशिनवर कुजबुज जाते, "आल्या घड्याळबाई," आणि मशिनांचा आवाज एकदम खाली येतो. कॉलरच्या मशिनवर एक मुलगी आहे, तिला सगळ्या वीज म्हणतात, इतका तिचा हात चालतो. तिला आज सुईत दोरा ओवायला चार मिनिटं लागली. एरवी ती डोळे मिटून ओवते. वर मला म्हणाली, "लिहिलंत का मॅडम? राहिलं असेल तर परत ओवते."

मंगळवार, ता. ५

आज जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना एकच विचारलं: घड्याळ घालता का, नसाल तर का नाही? बेचाळीस जणींपैकी पाच जणी घालतात. त्यातल्या दोघींची बंद आहेत, पण हात भुंडा दिसू नये म्हणून घालतात. मशिनं दुरुस्त करणारा मिस्त्री घड्याळ खिशात ठेवतो. मोटारीजवळ नेलं की काटे बिघडतात असं त्याचं म्हणणं. वीज म्हणाली, "काटे नाही बिघडत, पट्टा तुटलाय. दोन वर्षं झाली." तिचं स्वतःचं कारण वेगळं आहे. "घड्याळ घातलं की दिवस लांबतो. मान वर न करता सहा वाजले तर ते खरे सहा."

तिच्या शेजारच्या मशिनवर मावशी बसतात. सगळ्यांच्याच मावशी. वयाने सगळ्यांत मोठ्या, निवृत्तीला दोन वर्षं. त्या म्हणाल्या, "मनगट मोकळं लागतं, पोरी. नाहीतर टोक कसं निघायचं?" मी त्यांच्या नावापुढे 'सवय' असं लिहिलं.

शुक्रवार, ता. ८

साहेबांनी बोलावलं होतं. ते घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला ठेवतात, त्यामुळे वेळ बघताना स्वतःची नाडी तपासल्यासारखे दिसतात. माझे कागद त्यांनी दोन बोटांनी माझ्याकडे सरकवले.

"मॅडम, तुमच्या हिशोबाने या बाया झोपेत शिवतात. हा खरा वेग आहे?"

"नाही," मी म्हणाले. "मी उभी राहिले की त्या हळू करतात."

"मग खरा आणा. शनिवारी, सोळा तारखेला. तुम्ही हुशार आहात म्हणून सांगतोय. तीस तारखेला तुमचे तीन महिने भरतात, कायम करायचं की नाही ते मीच लिहिणार."

बोलण्यात धमकी नव्हती. उलट विश्वास दाखवला असं मला वाटलं.

सोमवार, ता. ११

आज घड्याळ घरी ठेवून गेले.

हा निर्णय मी रविवारभर विचार करून घेतला आहे. घड्याळामुळे मी त्यांच्यावरची बाई होते. ते काढलं की मी त्यांच्यातलीच, शिवणाऱ्या आईची मुलगी. माणसाने माणसाशी बरोबरीने वागायचं असेल तर आधी स्वतःच्या अंगावरची खूण उतरवली पाहिजे. बाबांनी विचारलं, "सेल संपला का?"

"नाही बाबा. मला त्यांच्यातली एक व्हायचंय."

"मग मशिन चालवायला शीक," बाबा म्हणाले आणि चपला घालून गेले. त्यांना तत्त्वाचं बोललेलं चटकन कळत नाही.

दिवसभरात किती वेळा रिकाम्या मनगटाकडे पाहिलं कोण जाणे. तिथे पांढरा पट्टा उमटला आहे. पण गंमत अशी की दुपारपर्यंत मशिनांचा आवाज पहिल्यांदाच मोकळा झाला. वीजने माझ्या हाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे पाहिलं. "आज बिनघड्याळाच्या?" मी नुसती हसले. थोड्या वेळाने तिने स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं. इतका आनंद मला पदवी घेतानाही झाला नव्हता.

आता मोजायचं कसं, हा प्रश्न आईनेच सोडवला. तिने बावीस वर्षं दुसऱ्या कारखान्यात कॉलरी शिवल्या, आणि त्या बावीस वर्षांत घड्याळ एकदाही घातलं नाही. मी विचारलं, "मग तुला वेळ कसा कळायचा?" ती म्हणाली, "बॉबिनवर. खालच्या दोऱ्याचं एक बॉबिन संपलं की चाळीसेक कॉलरी झाल्या. चार संपली की चहा." रिकामी बॉबिनं प्रत्येकीच्या मशिनशेजारच्या डब्यात पडतात. म्हणजे जेवणाच्या सुट्टीत नुसते डबे पाहिले की सकाळचं काम कळतं. कोणाच्या उरावर उभं राहायला नको, कोणाला अवघडायला नको. इतकी सभ्य पद्धत पुस्तकात सुद्धा नाही.

गुरुवार, ता. १४

तीन दिवसांची मोजणी पूर्ण. आकडे रोज जवळजवळ तेच येतात, म्हणजे विश्वासार्ह आहेत. कॉलरच्या कामाला सकाळच्या पाळीत सात बॉबिनं असं ठरलेलं आहे. वीजच्या डब्यात अकरा! मावशींच्या डब्यात पाच.

मावशींचं मला वाईट वाटतं. मी लांबून पाहिलं, अर्ध्याहून जास्त वेळ त्यांचं मशिन बंद असतं. मांडीवर हात घेऊन काहीतरी चाळवत बसतात. बोटं दुखत असतील. टेबलाखालून दोघींचे गठ्ठे इकडून तिकडे जात असतात. लाइनमधलं सहकार्य चांगलं आहे, हे अहवालात आवर्जून लिहिणार आहे.

शनिवार, ता. १६

सात पानांचा अहवाल दिला. प्रत्येक पानावर माझी सही. साहेबांनी तिथेच वाचून काढला आणि अकराच्या आकड्याखाली दोन रेघा मारल्या. "याला म्हणतात मोजणी. कशी केलीत?" मी बॉबिनांचं सांगितलं. ते खुर्चीतच मागे रेलले. "आणि त्यांना कळलंसुद्धा नाही!"

घरी येताना या वाक्यावर मी थोडी अडखळले. कळलं नाही हे खरं, पण मी लपवलं असंही नाही. कोणी विचारलं असतं तर सांगितलंच असतं.

आईला सांगितलं की तुझ्या बॉबिनाने माझी नोकरी पक्की होणार. ती लाजली. मग बाबांना तीनदा सांगितलं.

मंगळवार, ता. १९

सकाळी फळ्यावर कागद लागला. येत्या एक तारखेपासून कॉलरला सकाळच्या पाळीत माणशी दहा बॉबिनं. ज्यांचं काम ठरलेल्या मापाच्या खाली आहे त्यांना शनिवारच्या यादीत घेऊन कामावरून कमी करणार. नाव दिलं नव्हतं, पण कॉलरवर दोघीच तर आहेत.

मजल्यावर गेले तर कोणीच "आल्या घड्याळबाई" म्हटलं नाही. मशिनं चालू होती. मी कॉलरच्या टेबलाशी गेले तेव्हा वीजने मशिन थांबवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"मॅडम, मांजराच्या गळ्यात घंटा असली की उंदरं निदान बिळात तरी जातात. तुम्ही घंटा काढून आलात. आणि आम्ही येड्या, तुम्हाला पाणी पाजलं."

"मी घड्याळ काढलं ते मोजायला नाही," मी म्हणाले. "मला खरंच तुमच्यात..."

"मग मोजलंत कशाला?"

मावशी म्हणाल्या, "जाऊ दे गं. तिची नोकरी आहे." मग माझ्याकडे वळून, "पोरी, माझ्या डब्यात पाच निघाली म्हणे. बरोबर आहे. पाचच निघतात." आणि त्या मांडीवरचं काम करायला लागल्या.

मी तिथून जायला हवं होतं, पण तिथेच उभी राहिले. म्हणून पहिल्यांदाच जवळून पाहिलं. शिवून झालेली कॉलर उलट्या बाजूची असते. ती सुलटी करायची, आणि दोन्ही टोकं आतून बोटाने ढकलून, मनगट वळवून, सुईसारखी काढायची. मावशी वीजने शिवलेली कॉलर घेत होत्या. मग स्वतःची. मग परत वीजची.

टोकं काढायला दोरा लागत नाही.

बुधवार, ता. २०

आईला सगळं सांगितलं. ती भांडी विसळत होती, तशीच विसळत राहिली. नळ बंद केला तेव्हा म्हणाली, "बॉबिन मी तुला सांगितलं ते माझी गंमत म्हणून. दुसऱ्याच्या पोटावर पाय द्यायला नाही."

"मला माहीत नव्हतं गं आई."

"विचारायचं. तोंड दिलंय ना देवानं? चार वर्षं कॉलेजात पाठवलं, तिथे विचारायला शिकवत नाहीत?"

नंतर तिनेच कपाटातून जुनी चादर काढली, कॉलरीच्या आकाराचे तुकडे कापले, हातानेच टीप घातली आणि माझ्यापुढे ठेवले. "काढ टोक." पहिल्या कॉलरीचं टोक गोल आलं, लाडवासारखं. दुसरीचं मी इतकं ढकललं की बोट पलीकडून बाहेर. तिसरीला घड्याळाचा पट्टा टीपेत अडकला. आज मी घड्याळ घालून गेले होते. का घातलं ते मलाही नीट कळलेलं नाही, पण काढून जायची लाज वाटली. ते काढून ठेवलं तेव्हा कुठे मनगट वळलं. अर्ध्या तासात तीन कॉलरी, त्यातली एकही अंगात घालण्याजोगी नाही. आईने एका दमात पाच काढून दाखवल्या.

"टोक ज्याला येतं त्याला येतं," ती म्हणाली. "आमच्याकडे पण एक होती. तिची बोटं टोकाला, आमचे पाय मशिनला. तिच्याकडे एकही बॉबिन निघायचं नाही. आणि आमचा एकही शर्ट परत यायचा नाही."

माझे आकडे चुकलेले नाहीत. अकरा अकराच होती, पाच पाचच होती. मी माणसं वेगवेगळी मोजली आणि काम दोघी मिळून करत होत्या. मावशींच्या नावापुढे 'सवय' लिहिणारी बाई मीच. आकडे कोणाचे लाड करत नाहीत, पण ते पाठवील तिकडे जातात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल आणि मी ते पाठ केलं असेल.

गुरुवार, ता. २१

पाळी सुरू व्हायच्या आधी लाइनच्या तोंडाशी उभी राहिले. सगळ्या मशिनांपर्यंत पोचेल असा आवाज काढला. म्हणाले, "मी चुकीचं मोजलंय. आज परत मोजायचंय. घड्याळ घालून, तुमच्या परवानगीने. माणसाचा वेळ घेणार नाही, कॉलरीचा घेणार. कॉलर कुठून निघते, कोणाच्या हातात जाते, कुठे थांबते, तेवढंच लिहिणार. नको असेल तर आत्ता सांगा."

मग वीज म्हणाली, "एक अट. घड्याळ तुमच्या हातात नाही. इथे ठेवा, टेबलावर, आमच्याकडे तोंड करून. बघू दे आम्हालाही आमचा वेळ कसा दिसतो."

मी काढून ठेवलं. बाबांचं म्हणणं बरोबर निघालं, तबकडी चार मशिनांवरून दिसत होती. मावशींनी डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाल्या, "बाई गं, मी एवढी भरभर करते होय?" लाइनमध्ये हसू फुटलं. ते हसू माझ्यासाठी नव्हतं, पण मीही हसले.

वीज पूर्ण वेगाने शिवत होती. मी कारण विचारलं. "लपवायचं काय आता? मोजताच आहात तर नीट मोजा." ती अजून माझ्याशी सरळ बोलत नाही. पाणीही दिलं नाही. बरोबर आहे.

शुक्रवार, ता. २२

कालचे आकडे मांडले. सकाळच्या पाळीत दोघींच्या मिळून सहाशे चाळीस कॉलरी, टोकांसकट. म्हणजे सोळा बॉबिनांचं काम. ठरलेलं माप दोघींचं चौदा. मावशी मापाखाली नाहीत. दोघी मापाच्या वर आहेत, आणि गेल्या वर्षात कॉलरीसाठी परत आलेला शर्ट एकही नाही. मावशी गेल्या तर वीजला तिची टोकं स्वतः काढावी लागतील. तिला मी एक काढायला सांगितली. तिचं टोक माझ्याइतकं वाईट नाही, पण वेळ तिप्पट लागतो.

दुसरंही एक निघालं. कॉलर सगळ्यांत जास्त वेळ कोणाच्या हातात असते? कोणाच्याच नाही. पहिला गठ्ठा रंग जुळल्याची सही व्हायची म्हणून साहेबांच्या टेबलावर पडून असतो. काल सव्वीस मिनिटं. मिस्त्री म्हणतो काल लवकर झाली.

हेही अहवालात लिहू का? बराच वेळ ठरेना. सव्वीस मिनिटं गाळली तर साहेब खूश राहतील आणि कदाचित बाकीचं ऐकतील. पण मावशींचा वेळ पूर्ण मोजायचा आणि साहेबांचा गाळायचा, ही पण वेगळ्या वेषातली तीच चूक. लिहिलं.

बाबांना सांगितलं की नोकरी जाऊ शकते. त्यांनी हातातली गाडीची किल्ली खाली ठेवली. मग म्हणाले, "गाडी चुकीच्या रस्त्याला लागली तर पुढचा फाटा येईपर्यंत थांबायचं नसतं. मागे घ्यायची. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू दे."

त्यांना तत्त्वाचं बोललेलं कळत नाही असं मी याच वहीत लिहिलं आहे. खोडत नाही, राहू दे.

शनिवार, ता. २३

साडेअकराला नवा अहवाल घेऊन साहेबांकडे गेले. त्यांनी उभ्या उभ्या वाचला. सव्वीस मिनिटांपाशी आले आणि बसले.

"हे तुम्हाला कोणी मोजायला सांगितलं?"

"कॉलर तिथे होती, म्हणून मोजलं."

त्यांनी कागद खणात टाकला. "ठीक आहे. दोन्ही अहवाल फाइलमध्ये राहू देत. यादी मात्र पहिल्यावरच जाईल, एक वाजता वरच्या ऑफिसला. तुम्ही एवढं मनाला लावून घेऊ नका. तुमचं नाव कशात येत नाही."

"येतं," मी म्हणाले. "प्रत्येक पानावर माझी सही आहे. पहिला अहवाल चुकीचा आहे आणि चूक माझी आहे. मला तो मागे घ्यायचाय."

"मॅडम, तीस तारखेला तुमची फाइल माझ्याच टेबलावर येते."

"माहीत आहे."

मला वाटलं होतं साहेब रागावतील. पण ते थकल्यासारखे म्हणाले, "बाकीच्या वेळ मोजणाऱ्यांनी कोणी असं केलं नाही हो." मी म्हणाले, "त्यांच्या आईला टोक काढता येत नसेल." हे मी का बोलले देव जाणे. त्यांना अर्थातच काही कळलं नाही.

सही नसलेला मोजणीचा अहवाल वर जात नाही, आणि अहवालाशिवाय यादी जात नाही. हा त्यांचाच नियम. मोजणीचे अहवाल बाहेरच्या टेबलावरच्या फाइलीत असतात. मी ती उघडली आणि पहिला अहवाल काढला. साहेब दारात येऊन उभे राहिले, पण हात लावला नाही. काचेपलीकडून निम्मी लाइन बघत होती. वीज उभी राहून बघत होती, मशिन बंद ठेवून. मावशी बघत नव्हत्या. त्यांच्या मांडीवर काम होतं.

सातही पानांवरची माझी सही मी आडव्या रेघेने खोडली. शेजारी 'मागे घेतली' असं लिहिलं, तारीख घातली आणि मनगटावर पाहून वेळ टाकली. पहिल्या चार पानांवर बारा पाच, शेवटच्या तीनवर बारा सहा.